गुहागर: सात जणांसाठी घर बघतेय, 'सी-व्ह्यू' घ्यावं की देवळाजवळचं?

चिंचगुळ:
जानेवारीत तीन रात्री गुहागरला जायचं चाललंय. व्याडेश्वर सासरचं कुलदैवत, सासूबाईंना अभिषेक करायचाय. बाकीच्यांना समुद्र हवाय. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. शिवाय आम्ही दोघं, नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं. हॉटेल नकोय, सगळ्यांना एका छपराखाली राहायचंय.

दोन घरं नजरेत आहेत. एक सी-व्ह्यू, भाडं जवळजवळ दुप्पट, फोटोत निळाशार समुद्र. दुसरं देवळापासून चालत पाच मिनिटांवर, फोटोत नुसती झाडं. सी-व्ह्यूवाले म्हणतात, अर्धे पैसे आजच पाठवा, अजून दोन पार्ट्या थांबल्यात. पुण्याहून गाडीने येणार आहोत. कुणी राहिलंय का तिकडे?

वरचापाटकर:
ताई, आमच्या जुन्या गावात घरातून समुद्र दिसत नाही. ऐकू येतो.

गावाची रचना सांगतो, म्हणजे फोटो बघताना घोळ होणार नाही. वरचापाट ते खालचापाट असा किनाऱ्याला धरून एक लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं. समुद्राकडच्या घराचा दरवाजा रस्त्यावर. आत ओटी, माजघर, मागची पडवी, मग विहीर, मग नारळी-पोफळीचं आगर. आगर संपलं की बेडं, म्हणजे कुंपणातलं फाटक, पलीकडे सुरूची झाडं आणि मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. एवढ्या झाडीतून निळाशार समुद्र कुठून दिसणार? फोटो दुसऱ्याच ठिकाणचा असेल, नाहीतर गच्चीवर चढून काढलेला. झाडांचे फोटो टाकणारा माणूस मला तरी खरा वाटतो.

त्याला एवढंच विचारा: तुमच्या आगरातून थेट पुळणीवर जाता येतं का? घर रस्त्याच्या पूर्वेला असेल तर मुलांना दर वेळी रस्ता ओलांडून कुणाच्या तरी गल्लीतून जावं लागेल. थेट वाट असेल तर मुलं दिवसभर परत यायची नाहीत. मात्र संध्याकाळनंतर आगरातून बॅटरीशिवाय सोडू नका. शिंपण्याचं पाणी असतं, पाय घसरतो, आणि काही जुन्या विहिरींचे कठडे गुडघ्याएवढेच आहेत.

सासूबाईंसाठी 'सगळी सोय आहे' या उत्तरावर जाऊ नका. ओटीला पायऱ्या किती आणि धरायला काही आहे का, कमोड खोलीला लागून आहे की मागच्या अंगणात, झोपायला पलंग की गाद्या, हे एकेक करून विचारा. घर दाखवायला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि रस्त्यापासून मागच्या बेड्यापर्यंत चालत जा म्हणावं. घर खरं असेल तर माणूस हौसेने दाखवतो, विहिरीतलं कासवसुद्धा दाखवील. त्याआधी पैसे पाठवू नका. पार्ट्या थांबल्या असतील तर थांबोत.

आता समुद्राचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, सकाळी आणि संध्याकाळीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. मुलांना पाणी चढत असताना भिजू द्या, ओहोटी लागली की बाहेर काढा. जवळच्या हेदवी गावची बामणघळही भरतीलाच बघायची, तेव्हा लाटेचं पाणी घळीतून उंच उडतं; एरवी ती नुसती खडकातली चीर. तिथला दशभुज गणपती टेकडीवर आहे, पण गाडी वर जाते, सासूबाईंना जमेल.

घाटवाट:
पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरा, मग चिपळूण. तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर. घाट उजेडात उतरायचा, नणंदेच्या यजमानांना कितीही हौस असली तरी. औषधं, एटीएम वगैरे गुहागरच्या अलीकडे शृंगारतळीच्या बाजारात उरकून घ्या.

सुकटप्रेमी:
जेवणाचं कुणी बोललंच नाही! देवळाच्या आसपासच्या बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी मिळतं, आणि बाहेरून आणलेले मासेही आत चालत नाहीत. खोली ठरवायच्या आधीच विचारा. नंतर ओटीवर उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही. मासे खायचे तर खानावळ गाठा. असगोली, वेलदूर ही मासेमारीचीच गावं, ताज्या मासळीला तोटा नाही.

चिंचगुळ:
दोघांनाही फोन केले. सी-व्ह्यूवाल्यांनी सांगितलं, समुद्र दिसतो, पण गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर चढल्यावर! सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी चढते, तू खालून धर.

झाडांच्या घरातल्या काकूंनी फोन हातात धरून आगरातून थेट वाळूपर्यंत नेलं. घर समुद्राच्या बाजूचंच आहे. ओटीला चार पायऱ्या, कठडा नाही, पण मागच्या पडवीला एकच, आणि गाडी तिथपर्यंत येते. कमोड एकाच खोलीला आहे, ती सासूबाईंना. स्वयंपाक शाकाहारी. नंदावे नाराज, त्यांना वेलदूरचा पत्ता दिलाय. थोडी रक्कम पाठवली, बाकी तिथे गेल्यावर.

एकच राहिलं: उकडीचे मोदक आयत्या वेळी सांगून मिळतात का?

वरचापाटकर:
आदल्या दिवशी सांगा, आणि आकडा सांगा. 'थोडे करा' म्हणालात तर काकू माणशी दोन धरतील.