चंद्रकांता सिरियल परत बघितली का कोणी? अनुभव लिहा

१९९४ चे रविवार आठवतायत का, सकाळी नऊच्या आत आंघोळ उरकून दूरदर्शनसमोर फतकल मारून बसायचं ते? परवा फोनवर सापडली म्हणून लेकीला घेऊन बसले, म्हटलं बघ आमच्या वेळी काय होतं, तर तो व्हिलन क्रूरसिंग 'यक्कू!' करत आल्या आल्या ती म्हणते, आई ह्याच्या भुवयांना काय झालंय? अगं ह्याच भुवयांपायी मला रात्री बाथरूमला सोबत लागायची! तुम्ही कोणी परत बघितली असेल, पुस्तक वाचलं असेल तर सांगा. नावं ठेवलीत तरी चालेल.

*

आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकूंच्या दारात बसून बघायचो आणि नेमकी लाईट गेली की सोमवारी शाळेच्या वाटेवर आतेभाऊ अख्खा एपिसोड सांगायचा. त्यातला विहिरीतल्या बोलणाऱ्या मुंडक्याचा सीन माझा सगळ्यात आवडता, तर लॉकडाऊनमध्ये तो शोधायला म्हणून बघायला घेतली, जेवताना, भांडी घासताना, किती एपिसोड झाले देव जाणे, मुंडकं काही येईना. शेवटी त्यालाच फोन लावला. हसत सुटला मेला. म्हणे, अगं त्या दिवशी आमच्याकडे तरी कुठे लाईट होती!

*

तीन एपिसोडमध्ये सोडली. एकेका डायलॉगवर पाच जणांचे चेहरे आणि ढॅण ढॅण म्युझिक. इरफान खान बद्रीनाथ होता हे मात्र तेव्हा कळलंच नव्हतं, आता त्याच्यापुरते तुकडे बघते.

*

मी सिरियल नाही, देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी वाचली, १८८८ ची. हिंदी सोपं आहे, घाबरू नका. गंमत अशी की सिरियलीत ऊठसूट जादू आणि पुस्तकात जादू जवळजवळ नाहीच! तिलिस्म म्हणजे कळा, खटके, चोरदरवाजे. ऐयार, म्हणजे राजाचा बहुरूपी हेर, वेष पालटतो तो रंगरंगोटीने, समोरच्याला बेशुद्ध करतो ते पूड हुंगवून, आणि शुद्धीवर आणायला त्याच्या बटव्यात लखलखा असतो. शिवाय ऐयारांचा आपसातला कायदा, पकडलेल्या ऐयाराला कैद करायचं, मारायचं नाही. खत्रींनी चकिया-नौगढकडच्या जंगलांचे ठेके घेतले होते, त्यामुळे गुहा, नाले, पडके किल्ले असे येतात की वाटतं हा माणूस स्वतः तिथून चालत गेलाय. लहानपणी वाचलं असतं तर जादू नाही म्हणून हिरमोड झाला असता, आता उलट त्या कळांनीच झोप उडवली. पुढे 'चंद्रकांता संतती' या पुढच्या कादंबरीचे चोवीस भाग आहेत, मी सहाव्यात अडकलोय, कोण कोणाचा वेष घेऊन फिरतंय ते वहीत लिहून ठेवावं लागतंय.

*

मागच्या वर्षी बनारसला गेलो होतो, तिथून गाडी करून चुनारचा किल्ला बघितला. गंगेच्या अगदी कडेला, वरून नदीचं वळण दिसतं. मी आपला हौसेने बायकोला सांगतोय की ही बघ चंद्रकांता इथली, तर ड्रायव्हरने मध्येच टोकलं, साहब वो तो विजयगढ की, सोनभद्र में, ये तो शिवदत्त का है. म्हणजे एवढ्या उन्हात चढून मी व्हिलनच्या घरी आलो होतो. तिथूनच भावाला फोटो टाकला, खाली काही लिहिलं नाही. आम्ही एरवी महिनोन्महिने बोलत नाही, पण मिनिटाभरात उत्तर आलं.

यक्कू!