एनर्जी ऑडिटची सक्ती: इंदूरच्या मोठ्या इमारतींना हवी की नको?

रामबागकर:
न्यूयॉर्कचा २००९ सालचा लोकल लॉ ८७ बघा. ५० हजार चौरस फुटांवरच्या इमारतीने दर दहा वर्षांनी एनर्जी ऑडिट (ऊर्जा कुठे किती जाते याची तपासणी) करायचं आणि सोबत आहे तीच यंत्रणा नीट लावून घ्यायची. पाळी कुठल्या वर्षी, ते इमारतीच्या ब्लॉक क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं. म्हणजे वशिल्याला जागाच नाही.

आपल्याकडे ईसीबीसी हा इमारतींचा ऊर्जाबचतीचा नियम १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणीपासून लागू होतो, पण तो नव्या बांधकामाला आणि फेरबदलांना. दर तीन वर्षांनी ऑडिटची केंद्राची अट आहे ती अधिसूचित मोठ्या ग्राहकांना: कारखाने, रेल्वे, मोठी हॉटेलं. एबी रोडवर, विजयनगरात आधीच उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींना विचारतंय कोण? जलूदहून नर्मदेचं पाणी चढवण्याचं बिल परवडेना, तेव्हा पालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (हरित कामांसाठीचे कर्जरोखे) काढले आणि ६० मेगावॅटचं सोलर हाती घेतलं. आपल्या बिलाचा एवढा विचार करणाऱ्या पालिकेने १०० किलोवॅटवरच्या प्रत्येक इमारतीला ऑडिट सक्तीचं करावं, असं माझं मत.

चिलरमिस्त्री:
साफ विरोध. सक्तीतून काय निघेल ते आत्ताच सांगतो: जाडजूड रिपोर्ट, त्यातली बहुतेक पानं कुठल्याही इमारतीला चालतील अशी. एलईडी लावा, एसी २४ वर ठेवा, छतावर सोलर टाका. चिलरचे (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मशीनचे) आकडे पॅनेलवरून उतरवलेले.

मोजणी किती नाजूक असते बघा. चिलरमधून पाणी तासाला १२० घनमीटर, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात फरक ४.२ अंश. १२० गुणिले १००० गुणिले ४.२, भागिले ३०२४ (एक टन थंडावा म्हणजे तासाला इतक्या किलोकॅलरी), म्हणजे साधारण १६७ टन. वीज १५० किलोवॅट, म्हणून टनाला ०.९ किलोवॅट. आता दोन सेन्सर मिळून अर्धा अंश चुकले असं धरा. खरा फरक ३.७ असेल तर टनाला १.०२ येतात, ४.७ असेल तर ०.८०. पहिल्या आकड्यावर मालकाला नवा चिलर घ्यायला लावाल, दुसऱ्यावर 'ठीक आहे' म्हणून सोडून द्याल. मशीन तेच, दिवस तोच!

मीटरमास्तर:
मिस्त्री, हे वाईट ऑडिटचं वर्णन झालं. त्याचा इलाज नियमात मोजणीची पद्धत लिहिणं, नियमच नको म्हणणं नव्हे.

दोन्ही सेन्सर आधी एकाच बर्फाच्या पाण्यात बुडवा, फरक लिहून ठेवा. मग थर्मोवेलमध्ये (सेन्सरसाठी पाइपात बसवलेल्या नळीत) तेल घालून बसवा. एक वाचन झालं की अदलाबदल करून पुन्हा घ्या. अर्ध्या अंशाची चूक तिथेच पकडली जाते. पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक फ्लो मीटरला पाइपच्या व्यासाच्या दहापट सरळ लांबी आधी आणि पाचपट नंतर लागते. प्लांटरूममध्ये पंपाला लागूनच एल्बो (पाइपचं वळण) असतो, म्हणून जागा हेडरकडे (सगळे पाइप जुळतात त्या मुख्य पाइपाकडे) शोधावी लागते. इन्सुलेशन कापा, गंज घासा, जेल लावा. शेवटी ताळा: कंडेन्सरमधून बाहेर पडलेली उष्णता ही इव्हॅपोरेटरने (पाणी थंड करणाऱ्या भागाने) पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची वीज, एवढी भरली पाहिजे. ताळा पाच टक्क्यांच्या आत बसला नाही तर तो दिवस बाद. रिपोर्टला हा एक तक्ता जोडायची अट घाला, घरबसल्या ऑडिट करणारे निम्मे आपोआप गळतील.

आणि मोजणी फक्त मेमध्ये नको. इंदुरात मेमध्ये पारा ४२ वर गेला तरी हवा कोरडी, कूलिंग टॉवर (चिलरची उष्णता हवेत सोडणारा) मजेत चालतो. ऑगस्टमध्ये पारा २८ असतो, पण दमट हवेत टॉवरचं पाणी जास्त गरम राहतं. वर्षाचा हिशोब एका मोसमावर मांडला की बचतीचा आकडा फसवा येतो.

हिशोबनीस:
मोजाल हो सगळं. पैसे कोण घालणार? मॉलमध्ये चिलर मालकाचा आणि वीज मेंटेनन्समधून दुकानदारांच्या माथी. मालकाने लाखो घालायचे आणि बिल उतरणार दुसऱ्याचं! रिपोर्ट कपाटात जाणार हे ठरलेलंच. त्यापेक्षा दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट, एवढाच आकडा दारावर लावायची सक्ती करा. भाडेकरू आपोआप घासाघीस करतील.

चिलरमिस्त्री:
हिशोबनीस, निम्मं पटलं. पण भागाकारात चोरी सोपी आहे. बेसमेंटचं पार्किंग क्षेत्रफळात धरलं की आकडा लगेच गोंडस. डीजीवर (डिझेल जनरेटरवर) निघालेले युनिट सोडले की आणखी गोंडस. आणि चोवीस तास चालणारं कॉल सेंटर दहा ते सहाच्या ऑफिसशेजारी विनाकारण बदनाम. कामाचे तास, पार्किंग वगळून क्षेत्रफळ, डीजीसकट युनिट, ही तिन्ही त्याच पाटीवर हवीत.

पंपगडी:
नवी खरेदी आणि रिपोर्ट यांच्या मधली गोष्ट सगळे विसरताय. रामबागकरांनी पहिल्या ओळीत 'नीट लावून घ्यायची' म्हटलंय, खरा माल तिथे आहे.

चिलरच्या पाण्यात ५.५ अंश फरक पडेल असं डिझाइन असतं. प्रत्यक्षात अडीच मिळतो, कारण पाण्याची वाट बदलणाऱ्या थ्री-वे व्हॉल्व्हला फिरवणारा अ‍ॅक्चुएटर अडकलेला, एएचयूचा (थंड हवा फेकणाऱ्या पेटीचा) फिल्टर चोंदलेला, किंवा यंत्रणा पहिल्यांदा सुरू करतानाचा बायपास (पाण्याची आडवाट) अजून उघडा. मग तेवढ्याच थंडाव्यासाठी दुप्पटीहून जास्त पाणी फिरवावं लागतं. ऑपरेटर दुसरा पंप लावतो, आणि पाणी वाढलं म्हणून दुसरा चिलरही, दोघेही अर्ध्या लोडवर. रिपोर्टमध्ये मात्र 'चिलर जुना' एवढंच येतं.

व्हीएफडीचंही (पंपाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचंही) तेच. पॅनेलवर 'हँड' (हाताने ठरवलेला वेग) आणि ५० हर्ट्झ, म्हणजे सतत पूर्ण वेग, पैसे पाण्यात. ४० हर्ट्झवर आणलं तर बंद लूपमध्ये वीज जवळपास निम्मी होते. पण डिफरन्शियल प्रेशरचा (पाण्याच्या दाबातल्या फरकाचा) सेटपॉइंट उंच ठेवला असेल तर 'ऑटो' करूनही ड्राइव्ह खाली उतरत नाही. दाबाचा सेन्सर पंपाशेजारी असेल तर तो सर्वात लांबच्या एएचयूकडे न्या, मग सेटपॉइंट उतरवा. पाना, स्ट्रेनरची जाळी आणि दोन दिवस, एवढा खर्च. म्हणून सक्ती करायचीच तर आधी याची, ऑडिट त्यानंतर. बिघडलेल्या यंत्रणेचं ऑडिट म्हणजे तापात वजन करणं.

मीटरमास्तर:
क्रम मान्य, पण आधीची सात दिवसांची, पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद ठेवूनच पाना उचला. नाहीतर वाचलं किती ते सिद्ध करता येत नाही.

चिलरमिस्त्री:
तरी १०० किलोवॅटला माझा विरोध कायम. त्या आकाराच्या इमारतीत बहुधा स्प्लिट एसी नाहीतर व्हीआरएफ (पाण्याऐवजी थेट गॅसच फिरवणारी यंत्रणा). पाण्याचा लूपच नाही, तर वरची अर्धी चर्चा तिथे लावणार कुठे? तिथे टायमर आणि फिल्टर धुण्याचं वेळापत्रक पुरे. ५०० किलोवॅटपासून सुरू करा, भिया.

रामबागकर:
५०० मंजूर. पण पहिल्या वर्षाची पाळी पालिकेच्या स्वतःच्या इमारतींची.

हिशोबनीस:
डीजीचे युनिट धरून!