शहराचं सांस्कृतिक धन शोधायचं तर आधी माणसांशी बोला

चर्चा प्रस्ताव

शहरात सांस्कृतिक म्हणावं असं काय काय आहे, हे नोंदवायला बसलं की नाट्यगृहं, ग्रंथालयं, संग्रहालयं, जुन्या वास्तू अशी यादी कार्यालयात बसूनच तयार होते. माझं म्हणणं, आधी रहिवाशांशी बोला, यादी मागाहून करा.

अशा गप्पांच्या नोंदी घ्यायचं काम मी काही महिने केलं. "तुमच्या भागात सांस्कृतिक असं काय आहे?" म्हटलं की लोक बिचकतात. "तसलं काही नाही हो इथं." मग मी विचारू लागलो, "इथलं काय बंद पडलं तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल?" एका आजींनी लगेच जिन्याखालच्या खोलीकडे बोट दाखवलं. आत तारांची वेटोळी, उतरवलेल्या खुंट्या, सरसाचा वास. एक गृहस्थ वाद्यं दुरुस्त करतात आणि शाळा सुटली की आसपासची मुलं तिथंच बसून वाजवायला शिकतात. पाटी नाही, नोंदणी नाही. कुठल्या यादीत येणार हे?

युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारशाच्या, म्हणजे वास्तूंऐवजी कला, प्रथा, कौशल्यं अशा जिवंत वारशाच्या, करारातही, समाज, गट आणि काही वेळा व्यक्ती ज्याला आपला वारसा मानतात तो वारसा, अशीच व्याख्या आहे.

प्रतिसाद १

असहमत. गप्पांत बोलतं कोण? ज्याला वेळ आहे आणि ज्याला बोलायची सवय आहे तो. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या रहिवाशांना आपापल्या शहराचे नकाशे मनाने काढायला लावले. १९६० साली छापून आलेला तो अभ्यास आजही शिकवला जातो. पण बॉस्टनमध्ये माणसं होती तीसेक, बाकी दोन्हीकडे पंधरा-पंधरा, आणि तीही बहुतेक मध्यमवर्गीय, व्यावसायिक. ही उणीव त्यांनी स्वतःच मान्य केली होती. रात्रपाळी करणारा, वर्षाला घर बदलणारा भाडेकरू तुमच्या वहीत कुठे आहे?

धागाकर्ता

मुद्दा रास्त आहे, पण तो गप्पा कशा करायच्या याबद्दलचा आहे. "आणखी कोणाला भेटू?" असं विचारत गेलं की माणूस त्याच गोतावळ्यात फिरत राहतो, हे मीही अनुभवलंय. म्हणून सुरुवातच चार वेगळ्या ठिकाणांहून करावी, त्यातलं एक पहाटेचा बसथांबा. आणि कार्यालयातल्या यादीत तो रात्रपाळीवाला आहे का?

प्रतिसाद २

आठवणी फसव्या असतात. कोणतीही जुनी इमारत लोकांच्या तोंडी सहज शंभर वर्षांनी म्हातारी होते. जुने नकाशे आणि दप्तर तपासल्याशिवाय एकही सनावळी लिहू नका.

धागाकर्ता

सनावळीपुरतं शंभर टक्के मान्य.

प्रतिसाद ३

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. आमचा एक गट एका मोकळ्या गोदामात तालमी करायचा. अशाच एका उपक्रमात कोणीतरी ते कौतुकानं सांगितलं आणि जागा सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर आली. जागेला नाव झाल्यावर मालकानं भाडं वाढवलं आणि आम्ही बाहेर पडलो. नोंद म्हणजे नुसतं कौतुक नव्हे, तो पत्ता असतो. युनेस्कोनं २०१५ मध्ये अमूर्त वारशासाठी जी नैतिक तत्त्वं मांडली, त्यांत संबंधितांची आधी घेतलेली, समजून-उमजून दिलेली संमती आहे. तुमच्या त्या गृहस्थांना विचारलंत का?

धागाकर्ता

नाही. बोट आजींनी दाखवलं आणि मी लिहून घेतलं. हे चुकलंच. ती नोंद बाजूला काढून ठेवतो आणि आधी त्यांना भेटतो. गप्पांतून दोन वह्या व्हाव्यात असं आता वाटतं, एक सर्वांसाठी आणि दुसरी त्या भागातल्या माणसांच्याच ताब्यात.

प्रतिसाद १

आणि उद्या जिन्याखालची ती खोली असलेली इमारत पाडायची ठरली तर? सर्वांसाठीच्या वहीत जे नाही, त्याच्यासाठी हरकत कशाच्या आधारावर घेणार? दुसरी वही कोण उघडणार, कधी उघडणार, हे आत्ताच त्या माणसांबरोबर ठरवून घ्या.