एकाच मशीनवर डेव्ह आणि टेस्ट: लॉगिन एकीकडे करतो, दुसरीकडे सुमनताई होतो

सतारीची_गल्ली

मंडळी नमस्कार, मिरजेहून लिहितोय. गावातल्या एका वाचनालयाला देवघेवीचं सॉफ्टवेअर करून देतोय, फावल्या वेळात, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये. मशीन एकच. जुना डेस्कटॉप, 4 जीबी रॅम, उबुंटू, वेब सर्व्हर अपाची. 8080 पोर्टवर डेव्ह, जिथे कोड लिहितो-मोडतो, म्हणजे माझा रोजचा उकिरडा. 8081 वर टेस्ट, तिथे ग्रंथपाल बाई शनिवारी येऊन पुस्तकं देऊन-घेऊन बघतात. फोल्डर वेगळे, डेटाबेस वेगळे. म्हटलं झालं काम.

परवा डेव्हवर माझ्या नावाने लॉगिन केलं. शेजारच्या टॅबमध्ये टेस्ट उघडं होतं, ते रिफ्रेश केलं तर वरती "नमस्कार, सुमनताई". सुमनताई ही मीच टेस्टमध्ये घातलेली खोटी सभासद, क्रमांक 7. तिचा पासवर्ड मलाही आठवत नाही! डेव्हमध्ये क्रमांक 7 मी स्वतः आहे. डेटाबेस जोडणीची फाइल तीनदा वाचली, टेस्ट टेस्टच्याच डेटाबेसला जोडलंय. टेस्टमधून लॉगआउट केलं की डेव्हमधूनही बाहेर. अपाची रीस्टार्ट झाला, मशीनला दोन चापट्या मारून झाल्या. बाईंना म्हटलं नेटचा प्रॉब्लेम आहे, तर म्हणाल्या, "अहो, पण वायर तर काढून ठेवलीय ना तुम्ही?"

कंटेनरवाला

डॉकर टाका. दोन कंटेनर, म्हणजे दोन बंदिस्त खोके, प्रत्येकात एक ॲप, विषय संपला.

जुना_सिसॅडमिन

विषय संपणार नाही, नुसतं लक्षण बदलेल.

सतारवाले, तुमची गंमत कुकीत आहे, म्हणजे साइट ब्राउझरकडे ठेवायला देते त्या चिठ्ठीत. ब्राउझर कुकी जपून ठेवतो ती होस्टच्या नावावर, पोर्ट तो बघतच नाही. इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, आरएफसी 6265 मध्ये (2011), हे स्पष्ट लिहिलंय. लोकलहोस्टचं 8080 काय आणि 8081 काय, ब्राउझरच्या लेखी एकच घर. त्यात दोन्हीकडे पीएचपीच्या सेशन कुकीचं (कोण लॉगिन आहे त्या नोंदीची किल्ली) नाव तेच, आणि सेशनच्या फाइलीही एकाच फोल्डरात. डेव्हने फाइलीत लिहिलं "सभासद 7", टेस्टने तीच फाइल उघडली, आपल्या टेबलात 7 शोधला आणि सुमनताईंना नमस्कार घातला. कोड अगदी शहाण्यासारखा वागलाय.

आता डॉकर. दोन कंटेनर केले तर सेशनच्या फाइली वेगळ्या होतील, पण ब्राउझरमधली कुकी एकच राहील. डेव्हला लॉगिन केलं की टेस्टची कुकी पुसली जाणार. म्हणजे सुमनताई जाऊन तिथे लॉगिनचं पान येणार, एवढाच फरक. 4 जीबीत एवढ्यासाठी तो संसार कशाला?

आजच्या आज हवं असेल तर दोन्ही व्हर्च्युअल होस्टमध्ये (अपाचीत प्रत्येक साइटचा जो ब्लॉक असतो त्यात) सेशनचं नाव वेगळं करा. अपाचीतच पीएचपी चालत असेल तर त्या ब्लॉकमध्ये एक ओळ पुरते. पण नीट करायचं तर पोर्टचा नाद सोडा आणि नावं द्या. दोन्ही 80 वरच, एक "वाचन-डेव्ह डॉट टेस्ट", दुसरं "वाचन-तपास डॉट टेस्ट". अपाची नाव बघून योग्य फोल्डर देतो. होस्ट्स फाइलीत, म्हणजे कुठलं नाव कुठल्या आयपीला हे मशीनला सांगणाऱ्या फाइलीत, दोन ओळी टाकल्या की झालं. डॉट टेस्ट हे शेपूट 1999 च्या आरएफसी 2606 पासून याच कामासाठी राखून ठेवलंय, ते कोणी विकत घेऊ शकत नाही. मी वर्षानुवर्षं डॉट डेव्ह वापरायचो. ते गूगलकडे गेलं, आणि डिसेंबर 2017 मध्ये क्रोम 63 आल्यावर माझ्या सगळ्या लोकल साइट एका सकाळी एचटीटीपीएस मागू लागल्या. तेव्हा जे तोंडातून निघालं ते इथे लिहीत नाही.

दोन खड्डे मात्र सांगून ठेवतो. कुकीचं डोमेन हाताने लिहू नका, रिकामंच ठेवा. उद्या दोन्ही नावं एका सामाईक डोमेनखाली नेलीत आणि कुकी त्या डोमेनला बांधलीत, की सुमनताई परत. आणि कोणी नावाऐवजी नुसता आयपी टाकून आलं, तर अपाची त्याला पहिल्या वाचलेल्या होस्टकडे पाठवतो. फाइली अक्षरानुक्रमे वाचल्या जातात. टेस्टच्या फाइलीचं नाव आधी येईल असं ठेवा, नाहीतर बाई थेट तुमच्या उकिरड्यात.

रात्रपाळी

वरचं सगळं पटलं, पण मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. तुमच्या टेस्टमध्ये खऱ्या सभासदांची नावं-नंबर आहेत का? माझ्या आधीच्या नोकरीत टेस्टवर खऱ्या डेटाची प्रत होती आणि क्रॉनही (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) जसाच्या तसा कॉपी झालेला. रात्री दोन वाजता थकबाकीचे मेल खऱ्या गिऱ्हाइकांना गेले. सकाळी फोन घ्यायला मीच होते. तेव्हापासून टेस्टचे मेल मी मेलपिटमध्ये अडकवते. ते 1025 पोर्टवर मेल घेतं आणि 8025 वर ब्राउझरमध्ये दाखवतं, बाहेर काही जात नाही.

मायएसक्यूएलचा युजरही एकच असेल तुमचा, पैज लावते. दोन करा, प्रत्येकाला फक्त आपल्या डेटाबेसचा हक्क. मग चुकून टेस्टच्या टेबलावर डिलीट मारायला गेलात तर मायएसक्यूएलच नाही म्हणेल.

आणि सेशनचं फोल्डर वेगळं केलंत तर ते साफ कोण करणार तेही बघा. उबुंटूत पीएचपी स्वतः जुनी सेशनं झाडत नाही. ते काम एक टायमर करतो, आणि व्हर्च्युअल होस्टमध्ये लिहिलेल्या फोल्डराचा त्याला पत्ताच नसतो.

सतारीची_गल्ली

काय लोक आहात राव. नावं दिली, 80 वर आणलं, सुमनताई गेल्या. दोन टॅब, दोन वेगळे लॉगिन, तासभर नुसता रिफ्रेश करत बसलो.

रात्रपाळी, पैज जिंकलात. युजर एकच होता, आणि तोही रूट. आता दोन केलेत. डेटा मात्र खराच होता, पत्ते आणि अनामत रकमेसकट. काल रात्री बसून नावं बदलली, मोबाइल नंबर सगळे शून्य केले. क्रॉन उघडून बघितला तर मुदत संपलेल्या पुस्तकांचा मेल सोमवारी सकाळी जायचा होता. मेलपिट लगेच बसवलं.

सेशनचं फोल्डर वेगळं केलंच नाही, नाव वेगळं पुरे झालं. झाडायची कटकट नको.

अडकलोय ते बाईंच्या विंडोजवर. होस्ट्स फाइल फोनवरून सांगून बदलायला लावली, तर नोटपॅडने ती डेस्कटॉपवर सेव्ह केली आणि मागे डॉट टीएक्सटी चिकटवलं. शनिवारी स्वतः जाऊन नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडतो. तोवर त्या आयपी टाकून येतायत, आणि टेस्टची फाइल पहिली ठेवल्यामुळे बरोबर टेस्टवरच उतरतायत.

जुना_सिसॅडमिन

मग शनिवारी कशाला जाताय? चालतंय तर राहू द्या की.

सतारीची_गल्ली

बाई चहाबरोबर भडंग देतात.