एक्सएमएलचे टॅग एक्सेलच्या सेलला जोडले, पण पुस्तक एकच येतं आणि शून्यं गळतात

नोंदवही:
ग्रंथालयाची पुस्तकयादी माझ्याकडे असते. सूचीच्या प्रणालीतून दर आठवड्याला एक एक्सएमएल फाइल (प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, असलेली मजकूर फाइल) निघते आणि आजवर मी त्यातली माहिती हाताने एक्सेलमध्ये उतरवत आले. या वेळी ठरवलं, टॅग थेट सेलला जोडायचे. डेव्हलपर टॅब, सोर्स, एक्सएमएल मॅप्स असं करत फाइल निवडली. स्कीमा (कोणता टॅग किती वेळा येतो आणि त्यात काय असतं याचा आराखडा) नाही, फाइलवरूनच तयार करतो, असा संदेश आला, त्याला ओके म्हटलं. उजवीकडे 'पुस्तक', 'दाखलक्रमांक', 'शीर्षक', 'लेखक', 'विषय' हे टॅग दिसले, ते ओढून सेलवर सोडले. तेव्हा आनंद झाला होता.

या आठवड्याच्या फाइलमध्ये ४१ पुस्तकं आहेत, शीटवर पहिलंच येतं. दाखल क्रमांक ००४५१२ चा ४५१२ होतो. आमच्याकडे तो शिक्का पुस्तकाच्या पानावर सहा आकड्यांत असतो, त्यामुळे हे मला चालणार नाही. तिसरं म्हणजे ज्या पुस्तकांना दोन लेखक आहेत त्यांचं काय करायचं? शीर्षकातल्या चुका एक्सेलमध्ये दुरुस्त करून तीच फाइल परत प्रणालीत भरायची इच्छा आहे. टॅग देवनागरीत आहेत, म्हणून तर हे होत नसेल ना?

उभेआडवे:
देवनागरीची शंका आधी काढून टाका. टॅगच्या नावात युनिकोड अक्षरं एक्सएमएलला चालतात, फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये असली की झालं.

एक विचारतो. मॅप, म्हणजे टॅग आणि सेल यांची जोडणी, बनवताना जी फाइल दिलीत, तिच्यात पुस्तक एकच होतं का?

नोंदवही:
हो! त्या आठवड्यात एकच पुस्तक आलं होतं. लहान फाइल बरी म्हणून तीच घेतली.

उभेआडवे:
मग तिथेच घोळ आहे. स्कीमा नसला की एक्सेल नमुन्यावरून अंदाज बांधतं. 'पुस्तक' एकदाच दिसलं, म्हणून ते एकदाच येणारं धरलं आणि प्रत्येक टॅगला एकेक सुटा सेल मिळाला. नमुन्यात दोन पुस्तकं असती तर तेच टॅग टेबल झाले असते आणि ४१ ओळी सरळ उतरल्या असत्या.

पण तुम्हाला शून्यंही जपायची आहेत, तेव्हा नमुन्याच्या भरवशावर राहू नका. छोटी एक्सएसडी फाइल, म्हणजे स्कीमाची फाइल, लिहा. त्यात 'पुस्तक'ला मॅक्सऑकर्स अनबाउंडेड (कितीही वेळा येऊ शकतं) द्या आणि 'दाखलक्रमांक'चा प्रकार स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, ठेवा. आयएसबीएनचाही स्ट्रिंगच ठेवा, कारण जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी कधी कधी एक्स असतो. स्ट्रिंग म्हटलं की सेल टेक्स्ट होतो आणि शून्यं जागच्या जागी राहतात. आहे त्या मॅपचा स्कीमा बदलता येत नाही. तो मॅप काढून नवा जोडावा लागेल, टॅगही पुन्हा ओढावे लागतील.

सूत्रपाल:
लेखकांबद्दल लिहितो, कारण खरी अडचण तीच आहे. पुस्तकांची यादी आणि प्रत्येक पुस्तकाच्या आत लेखकांची यादी, म्हणजे यादीत यादी. असं एका टेबलात आत आणता येतं: दोन लेखक असतील तर दोन ओळी, शीर्षक दोन्हींत. पण ते टेबल एक्सएमएल म्हणून बाहेर काढता येत नाही. सोर्स पेनच्या (उजवीकडे टॅग दिसतात त्या पट्टीच्या) तळाशी 'व्हेरिफाय मॅप फॉर एक्सपोर्ट' आहे, त्यावर क्लिक करा, तो तसं सांगेलच.

एका मॅपमधला टॅग एकाच जागी जोडता येतो. मात्र त्याच एक्सएसडीवरून दुसरा मॅप घालता येतो. पहिल्यात दाखल क्रमांक, शीर्षक, विषय. दुसऱ्यात दाखल क्रमांक आणि लेखक, वेगळ्या शीटवर. दुसरा फक्त बघायला.

आता हे नीट वाचा, ताई. एक्सपोर्ट करताना जोडलेले टॅगच बाहेर जातात. पहिल्या मॅपमधून निघालेल्या फाइलमध्ये लेखक नसतील. ती मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका आणि प्रणालीत संपूर्ण नोंद म्हणून भरू नका, नाहीतर प्रत्येक पुस्तकाचा लेखक पुसला जाईल.

नोंदवही:
हे वाचून हात थांबला. मी नेमकं तेच करणार होते.

उभेआडवे:
प्रणालीतून 'पुस्तके' आणि 'लेखकनोंदी' असे दोन शेजारी विभाग काढून घेता येतात का बघा, दुसऱ्यात दाखल क्रमांक पुन्हा दिलेला. मग दोन स्वतंत्र टेबलं होतील आणि दोन्ही बाहेर जातील.

फक्त वाचायचं असेल तर पॉवर क्वेरी (बाहेरची माहिती एक्सेलमध्ये आणायची सोय) सोपं. एक्सेल २०१६ पासून ते आतच असतं. लेखक 'टेबल' म्हणून एका रकान्यात येतात, ते उलगडता येतात. तिथे 'चेंज्ड टाइप' ही रकान्याचा प्रकार बदलणारी पायरी आपोआप आली असेल तर काढून टाका, शून्यं तिथेच जातात.

नोंदवही:
एक्सएसडी लिहिली, दोन मॅप घातले. ४१ ओळी आल्या, ००४५१२ तसाच राहिला. मुद्दाम एकदा वेगळ्या नावाने एक्सपोर्ट केलं आणि नोटपॅडमध्ये उघडून पाहिलं. खरंच, एकाही पुस्तकाला लेखक नव्हता. दोन विभागांसाठी प्रणाली सांभाळणाऱ्यांना विचारलं आहे. तोवर शीर्षकं मूळ प्रणालीतच दुरुस्त करते आहे.

पुढच्या आठवड्याची फाइल वेगळ्या नावाने येईल. तेव्हा 'रिफ्रेश' चालेल का?

सूत्रपाल:
नाही. रिफ्रेश मागच्या वेळच्या पत्त्यावरचीच फाइल वाचतं. नवी फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर डेव्हलपर टॅबवरून 'इम्पोर्ट' करा. आणि मॅप प्रॉपर्टीजमध्ये 'ओव्हरराइट' निवडलेलं आहे ना ते बघा. 'अपेंड' असेल तर जुन्या ४१ खाली नवी पुस्तकं जोडली जातील.

नोंदवही:
पहिल्या मॅपला ओव्हरराइट होतं, दुसऱ्याला अपेंड. आता दोन्हींना ओव्हरराइट केलं.