वाफेच्या नौकांनी ब्रिटिश मच्छीमाराचे कष्ट हलके केले की त्याची विश्रांती काढून घेतली?

सागरगाथा (धागाकर्ता)

ब्रिटनमधील वाफेच्या मासेमारी नौकांचा आरंभकाळ बहुतेक ठिकाणी यंत्राच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. १८७७ मध्ये नॉर्थ शील्ड्सच्या विल्यम पर्डी यांनी, जहाजे ओढण्याचा धंदा मंदावलेला असताना, 'मेसेंजर' ही वल्हेचाकांची टगबोट ट्रॉल, म्हणजे नौकेमागे समुद्रतळावरून ओढायचे जाळे, लावून मासेमारीला नेली. १८८१ मध्ये हल बंदरातील अर्ल गोदीत ग्रिम्सबीच्या कंपनीसाठी 'झोडियॅक' हा मुद्दाम मासेमारीसाठी बांधलेला, स्क्रूवर (पाण्याखालच्या पंख्यावर) चालणारा ट्रॉलर तयार झाला, आणि १८८२ मध्ये ॲबरडीनहून 'टॉयलर' निघाली. पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत हलच्या गोदीतून शिडाचे ट्रॉलर, म्हणजे स्मॅक, जवळजवळ दिसेनासे झाले. या साऱ्यात डेकवरच्या माणसाला काय मिळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

माझे मत असे की, वाफेने त्याचे कष्ट कमी केले नाहीत, तर त्याच्या कामात निसर्गाने ठेवलेल्या खंडांवर कब्जा केला. स्मॅकला जाळे ओढण्यासाठी वारा लागे आणि भरती-ओहोटीचा प्रवाह सांभाळावा लागे. वारा पडला की काम थांबे. वाफेच्या ट्रॉलरला अशी कोणतीही सबब उरली नाही. जाळे टाकायचे, काही तास ओढायचे, वर घ्यायचे, आधीच्या खेपेतील मासे चिरून, धुऊन, बर्फात लावून होण्याआधीच पुढचे जाळे वर येण्याच्या बेतात असायचे. १८९० च्या दशकात लाकडी तुळईचे जाळे जाऊन दोन बाजूंच्या फळ्यांनी तोंड उघडे ठेवणारे ऑटर ट्रॉल आले, तेव्हा पकड वाढली आणि चिरण्याचे कामही त्याच प्रमाणात वाढले.

यावर वाफेच्या कॅपस्टनचे, म्हणजे दोर गुंडाळून घेणाऱ्या उभ्या रहाटाचे, उदाहरण हमखास दिले जाईल, म्हणून आधीच लिहितो. जड जाळे हाताने गुंडाळून वर घेण्याचे जीवघेणे काम वाफेने हलके केले, हे निर्विवाद आहे. पण तो छोटा बॉयलर आणि कॅपस्टन शिडाच्या नौकांवरही बसवले जात होते. म्हणजे मच्छीमाराला जो खरा दिलासा मिळाला, त्यासाठी नौका वाफेवर चालण्याची गरज नव्हती. मालकाला मात्र ती होती.

दीपस्तंभ

आपल्या मांडणीतील स्मॅक मला फारच रम्य वाटला. वारा पडला की खलाशी निवांत बसत, असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात वारा पडला की आधी पकडलेली मासळी नासू लागे, बाजार हुके, आणि ज्याचे पोट पकडीच्या उत्पन्नातील वाट्यावर अवलंबून आहे त्याला ती विश्रांती महागात पडे. वारा सुटला तर काय होई, तेही पाहावे. मार्च १८८३ च्या एकाच वादळात उत्तर समुद्रावर हल आणि ग्रिम्सबीची अडीचशेच्या आसपास माणसे गेली, आणि ती शिडाच्या नौकांवरची होती.

दुसरे, त्या स्मॅकवर कामाला कोण होते? अनाथालयांतून आणि गरीबगृहांतून आणलेली, करारपत्राने बांधलेली पोरे. पळून गेले तर त्यांना तुरुंगात धाडता येई. ती तरतूद १८८० मध्ये रद्द झाली. हलच्या 'रायझिंग सन' या स्मॅकच्या कप्तानाला उमेदवार पोराचा छळ करून खून केल्याबद्दल १८८२ मध्ये फाशी झाली. वाफेच्या ट्रॉलरवर साधारण नऊ माणसे असत, त्यांत इंजिनिअर असे, भट्टीत कोळसा घालणारा फायरमन असे, आणि ही कामे बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या माथी मारता येण्याजोगी नव्हती. प्रौढ माणसाला मोजून पैसे देणारा धंदा वाफेने उभा केला. याला विश्रांतीचा अपहार म्हणायचे असेल तर म्हणावे, पण हिशेबात ही बाजू धरली पाहिजे.

सागरगाथा

दीपस्तंभ, आपणच दिलेल्या तारखा पाहाव्यात. तुरुंगाची तरतूद रद्द झाली १८८० मध्ये. 'झोडियॅक' पाण्यात उतरली त्याच्या पुढच्या वर्षी. पोरांची सुटका कायद्याने केली, आणि त्या वेळी वाफेचा ट्रॉलर हा तुरळक प्रयोग होता. त्याचे श्रेय बॉयलरच्या खात्यावर कसे जमा करता?

वाफ या धंद्यात आधी कोणासाठी आली, हेही सांगतो. ह्युएट यांच्या 'शॉर्ट ब्लू' ताफ्याने १८६० च्या दशकातच वाफेची वाहतूक जहाजे ठेवली होती. स्मॅकचा ताफा समुद्रातच राही, आणि मासळीच्या पेट्या वाफेवरच्या जहाजाने लंडनच्या बिलिंग्सगेट बाजारात झटपट पोहोचत. परिणामी शिडावरचा माणूस आठवडेच्या आठवडे घरी परतेना. पहिली वाफ मासळीला बंदरात पोहोचवण्यासाठी आली, आणि तिच्यामुळेच माणसाचा समुद्रावरचा मुक्काम लांबला.

रात्रीच्या कामाचा पुरावा हवा असेल तर उत्तर समुद्रातील डॉगर बँक या उथळ भागातले प्रकरण घ्या. २१-२२ ऑक्टोबर १९०४ च्या मध्यरात्रीनंतर जपानशी युद्ध चालू असलेल्या रशियाच्या बाल्टिक आरमाराने हलच्या 'गेमकॉक' या वाफेच्या ट्रॉलरच्या ताफ्यावर, जपानी टॉर्पेडो बोटी समजून, गोळीबार केला. 'क्रेन' बुडाली, तिचा कप्तान आणि तिसरा खलाशी ठार झाले. त्या वेळी माणसे डेकवर दिव्यांच्या उजेडात मासे चिरत होती. आपण मच्छीमार आहोत हे कळावे म्हणून काहींनी हातातले मासे उंच धरून दाखवले. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते.

दीपस्तंभ

रात्रीच्या कामाचा शोध वाफेने लावलेला नाही. सोलसारखे चपटे मासे रात्री चांगले मिळतात, म्हणून शिडाचे ताफेही अंधार पडताना जाळी टाकत आणि रात्रीतच वर घेत. ताफ्याचा 'ॲडमिरल', म्हणजे ताफ्याला हुकूम देणारा कप्तान, त्यासाठी रॉकेट उडवून इशारा देई. आपण वाफेविरुद्ध दिलेला साक्षीदार स्मॅकविरुद्धही तेवढीच साक्ष देतो.

ताफ्यातील मुक्कामाचेही तसेच. कोळशाला मर्यादा असते. तो संपत आला की ट्रॉलरला बंदर गाठावेच लागे. शिडाच्या ताफ्यात आठ-आठ आठवडे काढणाऱ्या माणसाला वाफेच्या ताफ्यात पाच-सहा आठवड्यांनी घर दिसू लागले. ग्रिम्सबी आणि ॲबरडीनच्या एकट्याने फिरणाऱ्या ट्रॉलरना तर त्याहून लवकर.

कायद्याबद्दल: तुरुंगाची भीती गेल्यावर पोरे पळू लागली आणि फुकटच्या मजुरीवर चालणाऱ्या स्मॅकचे गणितच फिसकटले. कायद्याने दार उघडले हे खरे. पण त्या मजुरीवाचून चालू शकेल असा धंदा वाफेखेरीज दुसऱ्या कोणी उभा केला?

शुभांगी

इथे सगळी चर्चा ट्रॉलरवर अडकली आहे. हेरिंग मासे पकडणाऱ्या वाफेच्या ड्रिफ्टरचा विचार केल्याशिवाय "मच्छीमाराचे काय झाले" याचे उत्तर मिळणार नाही, कारण तिथले जग वेगळे होते.

पहिला वाफेचा ड्रिफ्टर, 'कॉन्सोलेशन', १८९७ मध्ये लोस्टॉफ्टला तयार झाला, म्हणजे ट्रॉलरनंतर बऱ्याच वर्षांनी. तो जाळे ओढत नाही. सुमारे दोन मैल लांबीची जाळ्यांची भिंत संध्याकाळी पाण्यात सोडून तिच्याबरोबर वाहत राहतो. पहाटे वाफेचा कॅपस्टन मुख्य दोर आत घेतो, जाळी मात्र माणसांनाच हातांनी ओढून झटकावी लागतात, आणि पकड मोठी असेल तर त्यात अनेक तास जातात. तो दोर खालच्या खणात वेटोळे घालून रचणारे काम बहुधा सर्वांत लहान पोराकडे असे. तेव्हा वाफेच्या नौकेवरून पोरे गेली, हे दीपस्तंभ यांचे विधान ड्रिफ्टरला लागू पडत नाही.

आता मूळ मुद्दा मालकीचा. स्कॉटलंडमध्ये ड्रिफ्टरच्या उत्पन्नाचे ढोबळ तीन भाग पडत: एक नौकेचा, एक जाळ्यांचा, एक माणसांचा. नौकेत वाटा असलेले भाऊ-भाऊ, मामा-भाचे त्याच नौकेवर काम करीत आणि जाळीही बहुधा त्यांचीच असत. त्यामुळे वाफेने मच्छीमाराला सरसकट मजूर बनवले, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी ते हलमध्ये म्हणावे, स्कॉटलंडमधील बकीच्या गावांत म्हणू नये. शनिवार-रविवार बंदरात काढण्याची स्कॉटिश रीतही वाफ मोडू शकली नाही.

शिवाय वाफेची खरी गती कोणाला जाणवली? किनाऱ्यावरच्या बायकांना. तिघींचा एक गट असे, दोघी चिरणाऱ्या आणि एक पिंपात थर लावणारी. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळून, मिठात हात घालून, त्या शेटलंडपासून यार्मथपर्यंत हेरिंगमागे फिरत. ड्रिफ्टर वारा असो-नसो ठरल्या वेळी माल आणू लागल्यावर त्यांच्या हातांना थांबायला जागा राहिली नाही. १९१३ च्या हंगामात एकट्या यार्मथला हजारावर ड्रिफ्टर होते. सागरगाथा यांचा "काढून घेतलेल्या खंडांचा" मुद्दा मला डेकपेक्षा या धक्क्यावर अधिक पटतो.

बंब

मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये नोकरी केली आहे, म्हणून खालच्या मजल्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण वर सगळे डेकवरच उभे आहेत.

वाफेने एक नवा मच्छीमार निर्माण केला, ज्याला समुद्र दिसत नव्हता. ट्रिमर हा बंकरमधून, म्हणजे कोळशाच्या खणातून, कोळसा भट्टीपर्यंत आणून टाकणारा माणूस. जमिनीवरच्या बॉयलरला जो कोळसा नुसता फावड्याने सारला तरी पोहोचतो, तोच डोलणाऱ्या नौकेत, दिव्याच्या उजेडात, सरकत्या ढिगाऱ्याच्या बाजूने आणायचा. लांबच्या खेपांना बंकर पुरत नसे, म्हणून मासळीच्या खणातही कोळसा भरत. तो जाताना जाळायचा आणि मग तोच खण घासून तिथे बर्फ आणि मासे लावायचे. १८९० च्या दशकात ट्रॉलर आइसलँडपर्यंत जाऊ लागले ते याच माणसाच्या पाठीवर.

विश्रांतीच्या वादात त्याला धरले तर सागरगाथा यांचे पारडे जड होते, कारण जाळे पाण्यात असो वा नसो, भट्टी विझत नाही.

रेवदंडेकर

शुभांगीताई, ड्रिफ्टरच्या मालकीचे चित्र अर्धेच आले. 'झुलू' किंवा 'फायफी' ही शिडाची नौका घरच्या बचतीतून आणि थोड्या उसनवारीतून होई. वाफेचा ड्रिफ्टर तीन हजार पौंडांच्या घरात, म्हणजे तिच्या कितीतरी पट. ही रक्कम बँकेकडून आणि मासळीच्या दलालाकडून येई. मग माल त्याच दलालामार्फत विकायचा, कोळशाची उधारी आणि त्याचे कमिशन आधी वळते व्हायचे, आणि उरलेल्यात तुमचे ते तीन भाग. नौकेवर नाव मामा-भाच्याचे, पण नाडी कोणाच्या हातात? पहिल्या महायुद्धानंतर रशिया आणि जर्मनीच्या बाजारपेठा कोसळल्या तेव्हा हे उघडे पडले. शिडाची नौका वाईट वर्षी किनाऱ्यावर ओढून ठेवता येते. वाफेची नौका नुसती बाहेर काढायलाही कोळसा मागते.

जाता जाता, वाफेचा ट्रॉलर आपल्याकडेही येऊन गेला आहे. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' हा ट्रॉलर मुंबईजवळच्या समुद्रात प्रयोगासाठी चालवला होता, पण त्यातून आपल्या किनाऱ्यावर वाफेच्या ट्रॉलरचा धंदा उभा राहिला नाही. आपल्याकडे यांत्रिक मासेमारी रुजली ती पुढे, डिझेलवर.

शुभांगी

उधारीचा मुद्दा रास्त आहे, पण दलालाची उधारी शिडाच्या काळातही होती. खारवलेल्या हेरिंगचे व्यापारी हंगामाआधीच उचल देऊन नौका बांधून घेत. कर्ज वाढले म्हणा. नव्याने आले म्हणू नका.

दीपस्तंभ

"मजूर बनवले" हा शब्द इथे वारंवार शिवी असल्यासारखा येतो आहे, म्हणून एक कायदा सांगतो. १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने खलाशांना संरक्षण दिले, पण नफ्याच्या किंवा एकूण उत्पन्नाच्या वाट्यावर काम करणाऱ्या मच्छीमारांना त्यातून वगळले. म्हणजे निव्वळ पगारावरचा फायरमन विंचमध्ये हात गमावून बसला तर त्याला भरपाई मागता येई, आणि "भागीदार" म्हणून मान मिळवणाऱ्याला नाही. पगार आणि वाटा दोन्ही घेणाऱ्याचे काय, यावर तर कोर्टकचेऱ्या झाल्या. बंब यांचा तो काळवंडलेला माणूस या बाबतीत झुलूच्या मालकापेक्षा सुरक्षित होता.

सागरगाथा

आणि मालकांना हे कळत नव्हते असे समजू नका. १९०१ च्या उन्हाळ्यात ग्रिम्सबीच्या ट्रॉलरमालकांनी एकत्र येऊन वेतनाची नवी पद्धत लादू पाहिली. निश्चित पगार घटवायचा आणि माणसाची कमाई पकडीशी अधिक बांधायची, असा तिचा रोख होता. माणसांनी नकार दिला, मालकांनी ट्रॉलर गोदीत बांधून ठेवले, वाद महिनोन्‌महिने चालला, आणि सप्टेंबरमध्ये जमावाने मालकसंघाच्या कार्यालयावर हल्ला केल्यावर सैन्य बोलवावे लागले. पगार ही सुरक्षितता होती हे दीपस्तंभ यांचे म्हणणे मला मान्य आहे; ती वाफेने दिलेली नव्हती, ती माणसांना मालकांशी झगडून टिकवावी लागत होती.

रेवदंडेकर

यात कप्तान सुटतोच आहे. ट्रॉलरवर कप्तान आणि त्याचा मेट (दुय्यम अधिकारी) हे दोघे वाट्यावर असत. कोळसा, बर्फ, बंदराचे शुल्क वजा जाऊन खेप तोट्यात निघाली, तर त्यांच्या पदरी काहीच पडत नसे, उलट नावावर देणे चढे. दोन-चार खेपा वाईट गेल्या की नौका दुसऱ्याच्या हाती. असा माणूस थकलेल्या हातांना "झोपा आता" म्हणेल, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. जाळे पुन्हा टाकण्याचा हुकूम त्याच्या तोंडून येई, इंजिनाच्या नाही. आणि १९०६ च्या कायद्यातून वगळलेल्यांत तोच पहिला होता.