शेततळं मंजूर झालंय, पण खोदू कुठे? नाल्याकडे की विहिरीजवळ?

सिन्नर_पूर्व
राम राम मंडळी. महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवरून शेततळ्याची पूर्वसंमती आली. माप ३० बाय ३० बाय ३ मीटर, अनुदान जास्तीत जास्त ७५ हजार. डाळिंब दीड एकर, बाकी कांदा. वडील म्हणतात, नाल्याकडच्या पडीक तुकड्यात खोद, पावसाचं पाणी आपोआप येईल. गावात मात्र बहुतेकांनी उंचावर विहिरीजवळ खोदलीत. तळाला प्लास्टिकचा कागद टाकून दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्यानं भरतात. मलाही तेच सोयीचं वाटतंय. बागेचा उन्हाळा निघेल का?

बांधावरून
भाऊ, बाग निघेल. या मापात २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास बावीस लाख लिटर पाणी मावतं. माझं तळं २०१७ चं, 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं. तेव्हा ५० हजार मिळायचे. मीही उंचावर खोदलं, कागद टाकला.

२०१८ ला पाऊस गेला. दिवाळीतच विहिरीवर मोटार लावली, रात्रपाळीच्या विजेवर अठरा-वीस रात्री चालवली. तळं काठोकाठ भरलं. डिसेंबरात खालच्या अंगाची चुलतवहिनी बांधावर आली. हातात रिकामी बादली, तळाला ओला गाळ चिकटलेला. म्हणाली, "भाऊजी, विहिरीत आता बादलीसुद्धा बुडत नाही." मागे माझं तळं लख्ख दिसत होतं. मी लगेच तिच्या हौदापर्यंत नळी टाकली, पण तिचा गहू करपला तो करपलाच आणि उन्हाळ्यात दोन्ही म्हशी विकाव्या लागल्या. विहीर माझी असली तरी खालचा खडक दोघांचा एकच आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि एप्रिल-मेमध्ये पट्टी लावून बघा. तळ्याचा वरचा पसारा ९०० चौरस मीटर. पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ९ हजार लिटर उडालं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून आपण उन्हात आणून ठेवतो. अनुदान पावसाचं पाणी अडवायला आहे हो, शेजारच्याचं उपसायला नाही.

वडिलांचं ऐका. पात्रात नको, नाल्याच्या काठाला घ्या. इनलेटच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा ठेवा, आउटलेटला दगड रचा. मुरूम असेल तर कागद लागेलच, पण भरायचं ते श्रावण-भाद्रपदात, नाला वाहत असताना.

जालन्याचा_द्राक्षवाला
बांधावरूनदादांशी सहमत. आमच्याकडे कडवंचीला या. तळी खूप दिसतील, पण तिथं आधी १९९६ पासून पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली. मग द्राक्ष आणि तळी वाढली. आणखी एक, कृषी सहाय्यकांकडून (आताचे सहायक कृषी अधिकारी) आखणी झाल्याशिवाय पोकलेन लावू नका, बिल अडकतं.

मळ्यातली_ताई
दादा, कुंपणाचे पैसे आधीच बाजूला ठेवा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाराही वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा. आमच्या तळ्यात कोकरू पडलं, ते अशाच दोराला धरून माझ्या मुलानं वर काढलं.

सिन्नर_पूर्व
सगळ्यांचे आभार. संध्याकाळी खालच्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर जाऊन आलो. चाळीस फूट खोल आहे, पाणी कमरेएवढं. सोमवारी कृषी सहाय्यकांना नाल्याकडची जागा दाखवतो.